बोळात खड्डे पडलेत, ‘स्टे’ आणू का?

वकीलसाहेब,

वडील आणि काका यांच्यात १९९४ साली नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. दोन घरांच्या मधला बारा फुटांचा बोळ दोघांच्या सामाईक वहिवाटीचा, असं त्यात लिहिलं आहे. आमची गाडी, पाण्याची पाइपलाइन, सगळं तिथूनच. आता वडीलही नाहीत, काकाही नाहीत. आई त्या घरात राहते, मी येऊन-जाऊन असते. तीन आठवड्यांपूर्वी चुलत भावानं बोळात कॉलमसाठी सहा खड्डे घेतले. विचारलं तर म्हणतो, ‘तू लग्न होऊन गेलीस, तुझा काय संबंध?’ त्याच्याच घरात लग्न होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो. आता सळई येऊन पडली आहे. पोलिस म्हणाले, दिवाणी बाब आहे, स्टे आणा. तो जागा विकणार असंही कानावर आलं आहे.

अजून एक. तीन वर्षांपूर्वी बोळात पत्र्याची शेड टाकताना त्यानं माझी एका कागदावर ‘हरकत नाही’ म्हणून सही घेतली होती. शेड पुढं काढली. यजमान म्हणतात, त्या कागदाचा उल्लेखच करू नका.

स्टे किती दिवसांत मिळतो? मिळाला की प्रश्न मिटला ना? त्यानं ऐकलंच नाही तर? आणि कोर्टात गेल्यावर त्यांच्याकडं जाणं-येणं बंद करायचं का?

– एक वाचक

*

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ‘अजून एक’ म्हणून जाता जाता लिहिली आहे. त्या कागदाकडं मी येतोच. आधी ‘स्टे आणा’ या दोन शब्दांचं बघू. पोलिस ठाण्यापासून पारापर्यंत सगळेच ते असे म्हणतात, जणू झेरॉक्स काढून आणायची आहे.

खरं तर स्टे म्हणजे स्थगिती, आणि ती एखाद्या चालू कारवाईला किंवा निकालाच्या अंमलबजावणीला मिळते. तुम्हाला हवा आहे तो मनाई हुकूम. जुन्या कागदांत त्याला ताकीद म्हणत. न्यायालय एका विशिष्ट माणसाला सांगतं की हे एवढं करू नकोस. तो मागायला आधी दिवाणी दावा दाखल करावा लागतो. दाव्यात कायम मनाईची मागणी असते. ती १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टखाली येते आणि पूर्ण पुरावा होऊन निकालातच मिळते. त्याला वर्षं लागतात. तोवर तुमच्या बोळात दोन मजले उभे राहतील, म्हणून दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा वेगळा अर्ज द्यायचा. त्याचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ३९ मध्ये. आपल्याकडं या अर्जावर बहुधा ‘निशाणी ५’, म्हणजे कोर्टाच्या फाईलमधला पाच नंबर, पडते. तेव्हा तुमचे वकील ‘निशाणी पाचवर पुढच्या आठवड्यात युक्तिवाद आहे’ असं म्हणाले तर गोंधळू नका. सध्या तुमचं सगळं त्या पाच नंबरावर आहे.

हा अर्ज मंजूर करताना न्यायाधीश तीन गोष्टी बघतात. सर्वोच्च न्यायालयानं दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंह या १९९१ च्या निकालात त्या नीट मांडल्या आहेत, आणि तिन्ही एकत्र लागतात. दोन आहेत, तिसरी नाही, असं चालत नाही.

पहिली, प्रथमदर्शनी केस. इथं तुम्हाला दावा जिंकून दाखवायचा नसतो. कागद बघून न्यायाधीशांना वाटलं पाहिजे की प्रश्न खरा आहे, त्याचा निवाडा व्हायला हवा. तुमच्याकडं नोंदणीकृत वाटणीपत्र आहे, त्यात बोळ सामाईक लिहिला आहे, आणि वहिवाट आजही चालू आहे. बरेच लोक आमच्याकडं नुसता फेरफार घेऊन येतात. फेरफारानं मालकी मिळत नाही, ती महसुलाची नोंद. त्या मानानं तुमची बाजू पुष्कळ बरी आहे. ‘लग्न होऊन गेलीस’ला कायद्यात काही किंमत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी आणि विधवा पत्नी दोघी पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. फक्त एक करा. दाव्यात आईला वादी क्रमांक १ करा, तुम्ही क्रमांक २. रोज त्या बोळातून जा-ये आईची आहे. मनाईच्या अर्जात वहिवाट कुणाची, हे फार जवळून बघितलं जातं.

दुसरी, भरून न येणारं नुकसान. म्हणजे असं नुकसान, की पुढं पैसे देऊन त्याची धड भरपाई होणार नाही. पैशात मोजता येणाऱ्या तक्रारीला मनाई सहसा मिळत नाही. एखाद्याकडं उसने पैसे अडकलेत म्हणून त्याचं दुकान बंद करा, असं कोर्ट करणार नाही. तुमच्या आईचा घरात जायचा रस्ताच आर.सी.सी.खाली गेला तर त्याचा आकडा कोण काढणार? हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

तिसरीला इंग्रजी निकालांच्या वळणानं आपण सोयी-गैरसोयीचं पारडं म्हणतो. हुकूम दिला आणि पुढं तुम्ही हरलात, तर भावाचं काय बिघडेल? आणि हुकूम नाकारला आणि पुढं तुम्ही जिंकलात, तर तुमचं काय बिघडेल? ज्याचं जास्त बिघडेल, पारडं त्याच्याकडं झुकतं. आज खड्डे आहेत. त्याला थांबवलं तर त्याची सळई गंजेल आणि मजूर परत जातील. स्लॅब पडल्यावर तुम्ही गेलात तर हेच पारडं उलटं फिरतं. तो सांगेल, एवढा खर्च झाला, ही बाई बघत बसली होती. हे तो खोटं सांगणार नाही.

म्हणून ते तीन आठवडे मला खटकले. लग्नघरात विघ्न नको, हे माणुसकीचं आहे, मी दोष देत नाही. पण उशीर मनाईच्या मुळावर येतो. घाई आहे असं म्हणणाऱ्यानं घाई केलेली दिसावी लागते. वादपत्रात ते तीन आठवडे झाकू नका. खड्डे कधी दिसले, तुम्ही कुणाला काय बोललात, पोलिसांत कोणत्या तारखेला गेलात, गप्प का राहिलात, हे सरळ लिहा. पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच असेल तर ती जोडा. तीन आठवड्यांचा खुलासा देता येतो. तीन महिन्यांचा देताना वकिलाला घाम फुटतो.

आता तो कागद.

मी वकिली सुरू केली त्या काळातली गोष्ट. एका पक्षकारानं मला भिंतीच्या वादात सगळं सांगितलं, फक्त शेजाऱ्याला आपण आधी एक पत्र दिलं होतं तेवढं वगळलं. मनाई मिळाली. पंधरा दिवसांनी समोरच्या वकिलांनी ते पत्र हजर केलं. पत्रात खरं तर फार काही नव्हतं. दाखल केलं असतं तर मी दहा मिनिटांत समजावून सांगितलं असतं. पण लपवल्यावर ते पत्र भिंतीपेक्षा मोठं झालं. हुकूम उठला आणि त्यानंतर त्या पक्षकाराच्या खऱ्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवेना.

हे नुसतं अनुभवाचं बोलत नाही, ऑर्डर ३९ च्या नियम ४ मध्येच आहे. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून दुसऱ्या बाजूला न ऐकता हुकूम मिळवला असेल, तर न्यायालयानं तो रद्द करायचा असतो. मनाई हा न्यायालयाच्या विवेकातला दिलासा आहे, तो मागणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ४१ मध्ये मनाई कधी नाकारावी याची जी यादी आहे, तिच्यात मागणाऱ्याचं स्वतःचं वर्तन हे एक कारण आहेच. कारण अपुरं असताना हुकूम मिळवला असं ठरलं तर संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाईही समोरच्याला द्यावी लागू शकते.

तेव्हा यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचा सल्ला या एका बाबतीत मोडा. त्या कागदाची प्रत तुमच्याकडं आहे का? असेल तर वादपत्रासोबत दाखल करा. नसेल तर आठवतो तसा मजकूर लिहा आणि मूळ कागद भावाकडं आहे असं सांगा. तुम्ही सांगता त्यावरून ती ‘हरकत नाही’ फक्त शेडपुरती होती, आणि शेड निघाली. पत्र्याच्या शेडला दिलेली परवानगी कॉलमला कशी चालेल, हे तुमचं उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. मात्र हेच उत्तर कागद भावानं काढल्यावर दिलंत, तर सारवासारव वाटेल. कागदात ‘बांधकामास’ असा मोघम शब्द असला तरी दाखवाच. मग केस थोडी अवघड होईल, पण तुमची अब्रू शाबूत राहील आणि वकिलाला आधीपासून तयारी करता येईल.

किती दिवसांत मिळतो? साधारण रीत अशी की आधी समोरच्याला नोटीस जाते, तो त्याचं म्हणणं देतो (कोर्टाच्या आवारात याला ‘से देणे’ म्हणतात), मग दोन्ही बाजू ऐकून हुकूम होतो. पण नोटीस काढेपर्यंत कॉलम उभे राहून अर्जाचा हेतूच संपणार असेल, तर न्यायाधीश कारणं लिहून एकतर्फी हुकूम देऊ शकतात, म्हणजे समोरच्याला न ऐकता. खड्डे पडलेत, सळई आलीय, उद्या काँक्रीट येईल, हे फोटोंवरून दिसलं तर तशी शक्यता आहे. खात्री मी देणार नाही. कुणी वकील देत असेल तर जरा सांभाळून.

एकतर्फी हुकूम मिळाला की लगेच एक काम असतं आणि ते हमखास राहून जातं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वादपत्र आणि आधाराची कागदपत्रं यांच्या प्रती समोरच्याला हातोहात द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टानं ताबडतोब पाठवायच्या, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. ऑर्डर ३९ नियम ३ चं हे बंधन आहे. पोस्टाची पावती जपा. एवढ्याशा पावतीवरून चांगले हुकूम अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. पुढं नियम ३-अ सांगतो की असा एकतर्फी हुकूम झाला तर अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न न्यायालयानं करावा, आणि नाही जमलं तर कारणं लिहावीत. प्रत्यक्षात तीस दिवस ताणले जातात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तुमच्या बाजूनं तारखा मागू नका, म्हणजे झालं.

आणि भाऊ हुशार असेल तर त्यानं आधीच कॅव्हेट टाकून ठेवलेलं असू शकतं. संहितेच्या कलम १४८-अ खाली ते ९० दिवस चालतं. कॅव्हेट असलं की त्याला सूचना दिल्याशिवाय तुमचा अर्ज पुढं सरकत नाही. दावा घालताना वकील ते तपासतीलच.

हुकुमात काय लिहिलं जातं, याकडं कुणी लक्ष देत नाही आणि इथंच गंमत होते. पुष्कळदा न्यायालय ‘उभय पक्षांनी जैसे थे स्थिती ठेवावी’ एवढंच म्हणतं. ऐकायला छान. पण जैसे थे म्हणजे कसे थे? सहा खड्डे, की सहा खड्डे आणि चार कॉलम? भाऊ म्हणणार, हुकूम झाला तेव्हा कॉलम होतेच. तुम्ही म्हणणार, नव्हते. मग खड्ड्यांवरून नवा वाद सुरू. यावर उपाय आधीच करायचा. वादपत्राला बोळाचा हातनकाशा जोडा, कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरं द्या, लांबी-रुंदी आणि चतुःसीमा लिहा, आणि मनाई ‘अ-ब-क-ड या जागेत बांधकाम करण्यास व वहिवाटीस अडथळा करण्यास’ अशी मागा. फोटो आजच काढा, तारीख दिसेल असे, घराची कुठली तरी ओळखीची खूण फ्रेममध्ये येईल असे. शिवाय जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज ऑर्डर २६ नियम ९ खाली सोबतच द्या. कमिशनर जाऊन खड्डे मोजून अहवाल देतो, आणि मग जैसे थे म्हणजे काय, याचं उत्तर फाईलमध्ये राहतं. वहिवाट कुणाची हे ठरवायला कमिशनर मिळत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

नुसती मनाई मागून भागेल का, हाही प्रश्न तुमच्या वकिलांना विचारा. भावानं बोळावरच्या तुमच्या हक्कालाच आव्हान दिलं तर नुसत्या मनाईचा दावा तोकडा पडू शकतो. तेव्हा हक्क जाहीर करून मागावा लागतो. अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक सविस्तर सांगितला आहे. तुमच्या प्रकरणात मी तरी दोन्ही मागण्या एकत्र घातल्या असत्या. आणि दाव्याआधी एखाद-दुसरा कॉलम उठलाच तर तो काढून टाकण्याची, म्हणजे आज्ञार्थक मनाईची मागणीही हवी. ती निकालात मिळू शकते. दावा चालू असताना मिळणं फार दुर्मिळ. १९९० च्या दोराब कावसजी वॉर्डन प्रकरणापासून त्यासाठी नेहमीपेक्षा बळकट केस लागते. बांधकाम उठण्याआधी जा असं मी म्हणतोय ते यासाठीच.

भावाकडून एक डाव हमखास येईल, तो आत्ताच सांगतो. तो हमीपत्र देईल: ‘मी माझ्या जबाबदारीवर बांधतो, दावा हरलो तर स्वखर्चानं पाडून देईन.’ ऐकायला न्यायाचं वाटतं आणि काही वेळा न्यायालयं ते मान्यही करतात. तुम्ही विरोध करा. रिकाम्या प्लॉटवर बांधणाऱ्याचं एक वेळ ठीक आहे. इथं आईची जायची वाट आहे. दहा वर्षांनी पाडलेल्या भिंतीतून ती आज कशी जाणार?

प्रश्न मिटला ना, असं विचारलंत. नाही मिटत. निशाणी ५ चा हुकूम दावा असेपर्यंतच. दावा निकाली निघाला की तोही संपतो, आणि निशाणी ५ वर हरलेली बाजू त्या हुकुमाविरुद्ध ऑर्डर ४३ खाली ३० दिवसांत वरच्या न्यायालयात अपील करू शकते. दुसरं, मनाई माणसाला बांधते, जागेला चिकटत नाही. विक्रीची कुणकुण आहे तर ‘सामाईक बोळ तिऱ्हाइताला देऊ नये’ अशी मनाईही मागा, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडं नोंदवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ नुसार दावा चालू असताना घेणारा निकालाला बांधील राहतो, पण महाराष्ट्रात त्यासाठी ही नोंदणी लागते. इतर बऱ्याच राज्यांत ती भानगड नाही, म्हणून बाहेरची माहिती वाचून लोक फसतात.

(याच विषयावर विचारणाऱ्या शेतकरी वाचकांसाठी ओझरतं: अडवलेला रस्ता शेतात जायचा असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडंही जाता येतं, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावठाणातल्या घराच्या बोळाला मी तो मार्ग सुचवणार नाही.)

त्यानं ऐकलंच नाही तर? आधी हुकूम त्याला कळल्याचा पुरावा करा. बेलिफामार्फत बजावणी झाली पाहिजे, हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल तुमच्या हातात पाहिजे. मग तो मोडला तर ऑर्डर ३९ च्या नियम २-अ खाली अर्ज. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. पोलिस हुकूम बघून आपणहून फारसे हलत नाहीत. पोलिस बंदोबस्तासाठी त्याच न्यायालयात वेगळा अर्ज करून तसा आदेश घ्यावा लागतो. तुम्ही मात्र खड्डे बुजवायला माणसं पाठवू नका. सळई उचलून बाजूला ठेवू नका. हुकूम नसताना तर नाहीच, आणि हुकूम असतानाही नाही.

राहिलं जाणं-येणं. मनाई बांधकामाला मागायची आहे, चहाला नाही. आईला म्हणावं, रोजच्यासारखं बोला. फक्त बोळाविषयी काही ठरलं तर पुन्हा सुट्या कागदावर सही करू नका, तुमचा आधीचा अनुभव आहेच. तडजोड झाली तर दोघांच्या वकिलांकरवी लिहून ऑर्डर २३ नियम ३ खाली कोर्टात दाखल करा, म्हणजे तिचा हुकूमनामा होतो. आणि वाटणीपत्राची नोंदणीकृत प्रत, पोलिसांची पोच, आजचे फोटो आणि तो ‘हरकत नाही’चा कागद एवढं घेऊन उद्याच वकिलांकडं जा. काँक्रीट मिक्सर यायला फार दिवस लागत नाहीत.